सहा वेळां काढलेलें चित्र

घरांत एखादें माणूस गेलें म्हणजे समाचाराला येणारीं माणसें कांहीं ठराविक शब्द बोलतात आणि घरचीं माणसें त्यांना ठराविक उत्तरें देतात. तें योग्यहि असतें; कारण त्या शब्दांच्या आधारानें पहिले तेरा दिवस कसेबसे निघून जातात. खरी अडचण चौदाव्या दिवसापासून सुरू होते. येणारीं-जाणारीं माणसें थांबतात, घर पूर्ववत् चालूं लागतें, आणि जें बोलावयाचें राहिलें तें ज्याच्या त्याच्या मनांत तसेंच राहतें. कित्येक घरांत गेलेल्या मुलाचें नांव पुढें वर्षानुवर्षें कोणी काढीत नाहीं. तें नांव कोणी विसरलेलें असतें असें नाहीं. सर्वांना तें सतत आठवत असतें, आणि म्हणूनच कोणी तें उच्चारीत नाहीं.

अशा न बोललेल्या दुःखाचें माणसानें काय करावें, हा प्रश्न फार जुना आहे. विदर्भांतील पद्मपूरचा म्हणून ओळखला जाणारा भवभूति यानें 'उत्तररामचरिता'च्या तिसऱ्या अंकांत शोकाकुल हृदयाला तुडुंब भरलेल्या तळ्याची उपमा दिली आहे. तळें फुटूं नये म्हणून पाण्याला वाट करून द्यावी लागते, त्याप्रमाणें दुःखितानें शोक करावा, हें त्याचें सांगणें. ही उपमा इतकी पटण्यासारखी आहे कीं, कलेविषयींच्या सामान्य समजुतीचा तीच पाया होऊन बसली आहे. कवि आपलें दुःख कवितेंत ओततो, चित्रकार तें पटावर ओततो, आणि ओतून झालें कीं दोघेहि मोकळे होतात, असें सर्रास म्हटलें जातें.

परंतु त्याच नाटकाच्या पहिल्या अंकांत भवभूतीनें एक निराळाच प्रसंग रंगविला आहे. राम आणि सीता यांच्या गत आयुष्यांतील घटना भिंतीवर चितारलेल्या आहेत, आणि लक्ष्मण त्यांना तीं चित्रें दाखवीत आहे. शूर्पणखेचें चित्र येतांच सीता दचकते. तें केवळ चित्र आहे, असें रामाला तिला सांगावें लागतें. सीताहरणाचा प्रसंग पुढें येतो तेव्हां खुद्द रामाच्याच डोळ्यांत पाणी उभें राहतें. जो वियोग केव्हांच संपला, जिच्यासाठीं तो शोक केला ती सीता शेजारीं उभी आहे, तरीहि तो शोक जणुं आजचाच होऊन समोर येतो. येथें चित्र ही पाणी सोडून देण्याची वाट नव्हे. तें दुःखाला घालवीत नाहीं; ज्याच्याकडे पाहतां येईल असें कांहींतरी त्या दुःखाचें करून ठेवतें.

मग रंगानें दुःख वाहून जातें, कीं रंगानें दुःख समोर उभें राहतें? या दोहोंपैकीं खरें काय हें तर्कानें ठरविण्यापेक्षां एका चित्रकाराच्या आयुष्यावरून पडताळून पाहणें अधिक बरें. त्या दृष्टीनें नॉर्वे देशाचा एडवर्ड मुंक याच्याइतकें स्पष्ट उदाहरण क्वचितच सांपडेल. 'किंकाळी' या नांवाचें त्याचें चित्र जगप्रसिद्ध आहे. परंतु या प्रश्नाचें उत्तर त्याच्या दुसऱ्याच एका चित्रांत आहे. बहिणीच्या आजारपणाचें एकच चित्र त्यानें सुमारें चाळीस वर्षांच्या अवधींत तैलरंगांत सहा वेळां काढलें.

मुंकचा जन्म १८६३ सालच्या डिसेंबरांत झाला. बाप लष्करांत डॉक्टर होता. अत्यंत धर्मनिष्ठ आणि तितकाच चिंताक्रांत. राहणें क्रिस्तियानिया येथें. या नगराला १९२५ पासून ऑस्लो म्हणतात. मुंक पांच वर्षांचा असतां, १८६८ मध्यें, त्याची आई क्षयानें वारली. पांच लहान मुलांचें तें घर आईची बहीण कारेन हिनें सांभाळलें. मावशीला स्वतःला चित्रकलेची आवड होती आणि मुलांच्या हातीं कागद-पेन्सिल देणारी तीच. आईच्या मागें मुंकचा जीव जडला तो एका वर्षानें मोठ्या असलेल्या सोफी या बहिणीवर. १८७७ मध्यें तीहि क्षयानेंच गेली. ती पंधरा वर्षांची होती आणि तो चौदाव्या वर्षांत होता. क्षयावर त्या काळीं औषध नव्हतें. बाप डॉक्टर असूनहि त्याच्या हातीं प्रार्थनेपलीकडे कांहीं उरलें नव्हतें, आणि हें घरांतील मुलें पाहत होतीं.

सोफीच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनीं, १८८५ मध्यें, मुंकनें तें चित्र हातीं घेतलें. या आठ वर्षांचें अंतर लक्षांत घेण्यासारखें आहे. शोकाच्या पहिल्या उमाळ्यांत कुंचला उचलला आणि मन मोकळें केलें, असें येथें घडलें नाहीं. निमित्तहि अगदीं साधें झालें. वडिलांबरोबर एका रोग्याच्या घरीं गेला असतां त्याला तेथें एक तांबूस केसांची अकरा वर्षांची मुलगी दिसली. तिच्या भावाचा पाय मोडला होता आणि ती दुःखी चेहऱ्यानें बसली होती. या मुलीला त्यानें सोफीच्या जागीं बसविलें, आणि मावशी कारेनला तिच्या शेजारीं बसविलें. म्हणजे ज्या बाईनें सोफीची शुश्रूषा केली, तिलाच पुन्हां त्या प्रसंगांत बसावें लागलें. त्या घरांत जें शब्दांनीं बोललें गेलें नसेल, तें या बैठकींत निःशब्दपणें झालें असें म्हणावयास हरकत नाहीं.

चित्र सुमारें चार फूट उंच आणि जवळजवळ तितकेंच रुंद आहे. मोठ्या पांढऱ्या उशीला टेकून मुलगी बसली आहे. चेहरा फिकट, केस तांबडे, नजर एका बाजूला. तिच्या जवळ बसलेल्या बाईनें मान इतकी खालीं घातली आहे कीं तिचा चेहरा दिसत नाहीं. एका बाजूला औषधाची बाटली, दुसऱ्या बाजूला पेला. दोघींचे हात चित्राच्या मध्यभागीं एकमेकांत गुंतलेले आहेत. परंतु ते हात नीट काढलेलेच नाहींत, नुसता रंगाचा एक पुसट गोळा आहे. याच विषयावर मुंकचा मार्गदर्शक ख्रिश्चियन क्रोग यानें १८८०-८१ मध्यें काढलेलें 'आजारी मुलगी' हें चित्र शेजारीं ठेवलें तर फरक तत्काळ ध्यानांत येतो. क्रोगच्या चित्रांत पांघरुणाची घडी न घडी स्पष्ट आहे. पाहणारा जणुं त्या मुलीसमोर उभा आहे. मुंकच्या चित्रांत पाहणारा खोलींत नाहींच. तो आठवणींत आहे.

हा परिणाम सहज साधलेला नव्हता. मुंक या चित्रावर सुमारें वर्षभर झगडत होता. रंग लावावा, तो पटण्यासारखा नाहीं म्हणून खरडून काढावा, पुन्हां लावावा, पुन्हां खरडावा, असें कितीतरी वेळां झालें. त्या खरडण्याच्या खुणा पटावर आजहि उभ्या-आडव्या ओरखड्यांच्या रूपानें दिसतात. समोर बसलेली मुलगी जशी दिसते तशी काढणें त्याला अवघड नव्हतें. तेवढें कौशल्य त्याच्यापाशीं होतें. त्याला हवी होती ती आठ वर्षांपूर्वींची, मनांत राहिलेली मुलगी. डोळ्यांपुढें आहे तें नव्हे, तर एकदां पाहिलें होतें तें आपण काढतो, अशा अर्थाचें विधान त्यानें पुढें केलें. त्याचा उगम याच चित्रांत आहे.

१८८६ च्या क्रिस्तियानियांतील शरत्कालीन प्रदर्शनांत तें मांडलें गेलें तेव्हां त्याला नांवहि धड दिलें नव्हतें. यादींत नुसतें 'अभ्यास' असें म्हटलें होतें. लोक त्याच्यासमोर उभे राहून हंसले. टीकाकारांनीं तें अर्धवट आणि बेढब ठरविलें. बहिणीच्या मृत्यूवर वर्षभर घालविलेले श्रम असे चव्हाट्यावर आलेले बावीस वर्षांच्या मुंकला पाहावे लागले. त्यानें चित्र क्रोगला देऊन टाकलें. परंतु पुढें वृद्धापकाळींहि, आपण नंतर जें जें कांहीं केलें त्याचें मूळ याच चित्रांत आहे, असें तो सांगत असे.

आतां मूळ प्रश्नाकडे वळावयास हरकत नाहीं. या वर्षभरांत मुंकच्या दुःखाचें नेमकें काय झालें? तें कमी झालें असें म्हणण्यास कांहींच आधार नाहीं; परंतु त्याचें स्वरूप पालटलें. मनांतील दुःख एकसंध असतें. त्याला कडा नसतात. तें चित्रांत आणावयाचें म्हणजे शेंकडो लहान लहान निर्णय घ्यावे लागतात. उशी किती पांढरी करावयाची? मावशीचा चेहरा दाखवावयाचा कीं झांकावयाचा? बाटली हवी कीं नको? हात स्पष्ट असावेत कीं पुसट? यांतील प्रत्येक प्रश्न विचारतांना माणूस त्या दुःखाकडे पाहत असतो, आणि पाहण्यासाठीं त्याला दुःखापासून हातभर दूर उभें राहावें लागतें. जी गोष्ट आपल्यावर येऊन कोसळली, जिच्यापुढें आपलें कांहीं चाललें नाहीं, तिच्याविषयीं येथें प्रथमच कांहीं ठरविण्याचा अधिकार आपल्याला मिळतो. तेरा वर्षांच्या मुलाला बहिणीच्या खोलींत कोणी कांहीं विचारलें नव्हतें. पटापुढें मात्र प्रत्येक रेघेला त्याची संमति लागत होती. चित्र काढण्यानें मनाला जो आधार मिळतो, तो येथें आहे. ओतून टाकण्यांत नाहीं.

मुंक या विषयाकडे पुन्हां वळला तो १८९३ मध्यें, 'आजाऱ्याच्या खोलींतील मृत्यु' या चित्रांत. येथें सोफी दिसतच नाहीं; ती ज्या खुर्चींत बसली आहे तिची पाठ पाहणाराकडे आहे. बाप हात जोडून प्रार्थना करीत आहे. मावशी खुर्चीजवळ उभी आहे. भावंडें खोलींत इतस्ततः आहेत. एक बसलेली, एक समोर पाहणारी, एक दाराकडे निघालेला. एकाच घरचीं इतकीं माणसें एकाच खोलींत आहेत, पण कोणी कोणाकडे पाहत नाहीं, कोणी कोणाला स्पर्श करीत नाहीं. आणि त्याहून विशेष गोष्ट अशी कीं, हीं माणसें १८७७ मधील वयाचीं नाहींत. सोफी गेली तेव्हां धाकटी बहीण इंगर नऊ वर्षांची होती. चित्रांत ती पंचवीस वर्षांची तरुणी आहे. मृत्यु सोळा वर्षांपूर्वींचा, पण चेहरे आजचे!

ही चूक नव्हे, ही अत्यंत अचूक अशी मनाची नोंद आहे. घरांतील मृत्यु एका तारखेला घडतो. परंतु तो तेथेंच थांबत नाहीं. मुलें मोठीं होतात, त्यांचीं लग्नें होतात, केस पिकूं लागतात, आणि त्या प्रत्येक वयांत तीं मनानें पुन्हां त्याच खोलींत जाऊन उभीं राहतात. नऊ वर्षांच्या मुलीला बहिणीचा मृत्यु जसा कळतो, त्याहून पंचविसाव्या वर्षीं तो निराळा कळतो. ज्याला आपण 'जुनें दुःख' म्हणतों, तें वस्तुतः दर वेळीं नवें असतें. तें एकदां काढून संपत कां नाहीं, याचें उत्तर यांतच आहे.

१८९४ मध्यें त्यानें आजारी मुलीचा प्रसंग तांब्याच्या पत्र्यावर सुईनें कोरला, आणि खोलीच्या खालच्या बाजूस एक लहानसा सृष्टिदेखावा काढला, जणुं त्या कोंडलेल्या हवेला खिडकी हवी होती. १८९६ मध्यें पॅरिसला असतां त्यानें केवळ तिच्या मस्तकाचीं रंगीत शिळाछाप चित्रें काढलीं; खोली नाहीं, मावशी नाहीं, नुसता उशीवरचा चेहरा, आणि तोच चेहरा कधीं तांबड्या, कधीं फिकट रंगांत. त्याच वर्षीं तैलरंगांतील दुसरें चित्र झालें. तिसरें आणि चौथें १९०७ मधलें. १९२५ ते १९२७ च्या सुमारास, साठी उलटल्यावर, त्यानें आणखी दोन काढलीं. यांपैकीं कांहीं चित्रें खरेदीदारांच्या मागणीवरून काढलेलीं होतीं, हें येथें सांगितलें पाहिजे. चित्रकारालाहि पोट असतें. परंतु शेवटचीं दोन त्याच्याच संग्रहांत राहिलीं आणि मृत्युपत्रानें ऑस्लो नगराकडे गेलीं. पहिल्या चित्रांतील ओरखडे पुढच्या चित्रांत नाहींत; रंग अधिक मोकळे, कुंचला अधिक सैल होत गेला आहे. सोफी मात्र पंधरा वर्षांचीच राहिली. भाऊ तिच्याकडे प्रथम पाहत होता तो तरुण भाऊ म्हणून. शेवटीं पाहत होता तो आजोबा शोभेल अशा वयाचा माणूस म्हणून.

येथें एका गैरसमजाला जागा राहूं नये. चित्रें काढलीं म्हणून मुंक सुखी आणि निरोगी झाला, असें घडलेलें नाहीं. मद्यपान आणि मनाचा ताण यांनीं तो १९०८ मध्यें पुरता खचला. त्या शरद् ऋतूंत त्याला कोपनहेगन येथील डॉ. डॅनियल जेकबसन यांच्या रुग्णालयांत राहावें लागलें आणि तो सुमारें आठ महिने तेथें होता. या अवधींत त्यानें काम सोडलें नाहीं. खुद्द डॉक्टरांचेंहि मोठें चित्र काढलें. परंतु त्याला बरें केलें तें विश्रांतीनें, दारू सोडण्यानें आणि वैद्यकीय देखरेखीनें. १९०९ मध्यें तो मायदेशीं परतला आणि पुढें ऑस्लोच्या विद्यापीठाच्या सभागृहासाठीं त्यानें उगवत्या सूर्याचें भव्य चित्र काढलें. चित्रकला ही मनाची सोबत आहे. ती वैद्याची जागा घेऊं शकत नाहीं. झोंप, अन्न आणि जगण्याची इच्छा यांवरच ज्याच्या दुःखानें घाला घातला आहे, त्याच्या हातीं केवळ रंगाची पेटी देऊन स्वस्थ बसणें हा त्याच्यावर अन्याय होय.

ज्या क्षयानें सोफीला नेलें, त्याच क्षयाच्या एका आरोग्यधामांत या प्रश्नाची दुसरी बाजू उजेडांत आली, हा एक विलक्षण योगायोग आहे. एड्रियन हिल हा इंग्रज चित्रकार १९३८ मध्यें ससेक्स परगण्यांतील मिडहर्स्टच्या आरोग्यधामांत क्षयावर उपचार घेत होता. स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागण्यास अद्याप पांच वर्षें अवकाश होता, आणि मुख्य उपाय म्हणजे महिनोन्महिने अंथरुणावर निश्चल पडून राहणें. रोगी शरीरानें पडून असे, पण त्याचें मन भविष्याच्या भीतीनें सारखें फिरत राही. हिलनें वेळ घालविण्यासाठीं उशाजवळच्या लहानसहान वस्तू रेखाटावयास सुरुवात केली. मृत्यु नाहीं, आजार नाहीं. नुसत्या हाताशीं असलेल्या वस्तू. आपल्याला यानें बरें वाटतें हें पाहून त्यानें शेजारच्या रोग्यांनाहि शिकविलें, आणि पुढें युद्धांतून जखमी होऊन आलेल्या सैनिकांनाहि. या प्रकाराला त्यानें १९४२ मध्यें जें नांव दिलें त्याला मराठींत 'कलोपचार' म्हणतां येईल, आणि १९४५ मध्यें त्यावर पुस्तकहि लिहिलें.

हिलची वाट मुंकच्या वाटेच्या उलट दिसते. मुंक दुःखाकडे वळून पाहतो. हिल पेला-वाटीकडे पाहून दुःखाकडे पाठ फिरवितो. मग योग्य कोण? अलीकडच्या मानसशास्त्रज्ञांनीं याचा प्रयोगानें विचार केला आहे. अमेरिकेंत जेनिफर ड्रेक आणि एलेन विनर यांनीं माणसांना आधीं खिन्न करणारी गोष्ट आठवावयास लावली किंवा दाखविली, आणि मग कांहींना ती खिन्नता चित्रांत उतरविण्यास व कांहींना अगदीं दुसरेंच कांहीं काढण्यास सांगितलें. त्या थोड्या वेळापुरतें पाहिलें तर मन अधिक सावरलें तें दुसरेंच कांहीं काढणारांचें. ओतून टाकल्यानें तत्काळ मोकळें वाटतें, या समजुतीला हा मोठाच धक्का आहे. फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठांत २०१६ मध्यें प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका प्रयोगांत ३९ प्रौढ माणसांना ४५ मिनिटें रंग, माती आणि चिकटकाम यांपैकीं मनाला येईल तें करूं दिलें. ताणाच्या वेळीं शरीरांत वाढणारें कॉर्टिसॉल नांवाचें द्रव्य सुमारें तीन चतुर्थांश लोकांच्या लाळेंत त्यानंतर कमी झालेलें आढळलें. आणि चित्रकलेचा पूर्वाभ्यास असणारे व नसणारे यांत लक्षणीय फरक पडला नाहीं. प्रयोग लहान होता आणि चित्र न काढणारा दुसरा गट तुलनेला नव्हता, हें ध्यानांत ठेवूनच त्याला महत्त्व द्यावें. तथापि चांगलें चित्र येणें ही मन सांवरण्याची अट नव्हे, याची त्यावरून सूचना मिळते.

या दोन वाटा वस्तुतः परस्परविरोधी नाहींत. त्यांच्या वेळा निरनिराळ्या आहेत. दुःख ताजें असतें तेव्हां मनाला विसावा हवा असतो. समोरच्या पेल्याची कड नीट काढण्यांत गुंतलेला हात मनाला तेवढी घटका विसावा देतो. पुढें, बळ आल्यावर, वळून पाहण्याची वेळ येते. मुंकला ती आठ वर्षांनीं आली. एकानें दुसऱ्यासाठीं ती वेळ ठरवूं नये. आणि दोन्ही वाटांवर काम करणारी शक्ति एकच आहे. लक्ष एका जागीं टिकतें, हात चालतो, आणि अमूर्त भीतीच्या जागीं एक मूर्त वस्तु येते. ती बाजूला ठेवतां येते, उद्यां पुन्हां पाहतां येते, नको असल्यास फाडूनहि टाकतां येते.

सुशिक्षित घरांतून चित्रकलेला आज कांहीं तोटा नाहीं. मुलें परीक्षांना बसतात, त्यांचीं चित्रें चौकटींत बसवून दिवाणखान्यांत लावलीं जातात. परंतु याच घरांत एखादें मूल आजी गेल्यावर सारा कागद काळा करून टाकतें, तेव्हां वडीलधारीं माणसें घाबरतात. 'हें काय काढलें आहेस? छान सूर्य काढ पाहूं,' असें म्हणतात. हेतु चांगला असतो; पण जें घरांत कोणी बोलत नव्हतें तें बोलण्याची एकुलती एक वाट त्यामुळें बंद होते. याच्या उलट अशीहि एक घाई असते कीं, काळा रंग पाहतांच त्याचा अर्थ लावावयास बसावें. तीहि टाळलेली बरी. काळी पेन्सिल हाताशीं होती एवढाच त्याचा अर्थ असूं शकतो. इंग्लंडांत सरे परगण्यांतील नेदर्न येथील मनोरुग्णालयांत १९४६ पासून एडवर्ड ॲडम्सन या चित्रकारानें रोग्यांसाठीं चित्रशाळा चालविली. तेथें तो शिकवीत नसे, चुका काढीत नसे, कीं अर्थहि सांगत नसे. रंग द्यावेत, जागा द्यावी, आणि सोबत असावें, एवढेंच आपलें काम तो मानीत असे. घरांतील माणसांना यापेक्षां अधिक कांहीं करावयाचें नाहीं. चित्राकडे पाहून 'याविषयीं सांगशील का?' इतकें विचारावें, आणि उत्तर आलें नाहीं तर तेंहि उत्तर समजावें.

हें केवळ मुलांनाच लागू आहे असें नाहीं. सेवानिवृत्त झालेला गृहस्थ, पत्नीच्या मागें एकटा पडलेला वृद्ध, सर्वांचें करतां करतां स्वतःचें कांहीं बोलावयाचें राहून गेलेली गृहिणी, यांपैकीं कोणी वयाच्या साठाव्या वर्षीं रंगाची पेटी आणली तर घरांत हंसूं होतें. 'आतां या वयांत काय?' असा प्रश्न येतो. मुंकचीं शेवटचीं दोन चित्रें हें त्याचें उत्तर आहे. जिच्या उंबरठ्यावर प्रत्येक मुलीनें रांगोळी घातली आहे त्या घरांत हात चालविणें परकें नाहीं; परकी आहे ती ही समजूत कीं, हातानें काढलेलें सर्व कांहीं पाहुण्यांना दाखविण्यासाठींच असतें. कांहीं चित्रें दाखविण्यासाठीं नसतात. त्यांना पेटींत ठेवण्याचा हक्क काढणाराला असावा, आणि ती पेटी न उघडण्याचें सौजन्य घरच्यांना असावें.

मुंकचा मृत्यु १९४४ च्या जानेवारींत, ऐंशीव्या वर्षीं झाला. १९०७ मधील त्याच्या 'आजारी मुली'पैकीं एक ड्रेस्डेनच्या संग्रहालयांत होती. ती नाझी राजवटीनें भ्रष्ट कला म्हणून बाहेर काढली. १९३९ मध्यें ती लंडनच्या टेट संग्रहालयाला देणगी म्हणून मिळाली, आणि आज तेथें आहे. इतर पांच चित्रें ऑस्लो, स्टॉकहोम आणि गॉथेनबर्ग येथें आहेत. सोफीची वेताची खुर्ची मुंकनें जन्मभर सांभाळली, आणि ती ऑस्लोच्या मुंक संग्रहालयांत आहे. या चित्रांपुढें उभें राहणारांना सोफी कोण हें ठाऊक असतेंच असें नाहीं. पण उशीवरचा तो चेहरा पाहून कित्येकांना आपल्या घरांतील कोणी आठवतें, ज्याचें नांव फार दिवसांत कोणी काढलेलें नसतें. दीडशें वर्षांपूर्वीं एका डॉक्टराच्या घरांत पंधरा वर्षांची एक मुलगी गेली. तिच्या भावानें तिचें नांव चाळीस वर्षें काढलें, तें असें.